पाखरांचं तास

अन्याय शेवंताबाईवर झाला. वसुबारसेच्या सकाळी, बार्शीटाकळीच्या बाजारात, भाजीच्या टोपल्यांवरची ओली गोणपाटं उघडून अर्धा घंटाही झाला नव्हता तेव्हा. अन्याय करणारीचं नावही आत्ताच सांगून टाकते, कारण पुढच्या चार पानांत ते हळूच कुठंतरी लपवण्याची कला मला चांगली येते आणि ती मला इथं वापरायची नाही. ती मी. दहावीतली वैशाली, दोन वेण्या, खिशात लाल स्केचपेन.

आज मी अमरावतीत राहते आणि पत्रकं लिहिते. फवारणीची, बियाण्याची, नदीत सोडलेल्या पाण्याची. लोक म्हणतात, तुमचं लिहिणं टोचतं. टोचायलाच लिहिते. बियाण्याच्या पाकिटावरच्या हसऱ्या शेतकऱ्यावर माझा विश्वास नाही, दुकानदाराच्या "घेऊन जा ताई, काही होत नाही"वर नाही, आणि फुकट मिळालेल्या टोपीवर तर मुळीच नाही. पण ज्या कागदामुळं मला कागदाची ताकद कळली तो कागद खोटा होता, हे मी आजवर एकाही सभेत सांगितलेलं नाही. सभेत लोक विचारतात, ताई, तुम्ही या कामात कशा आलात? मी म्हणते, लहानपणी मेलेली पाखरं पाहिली. तेवढंच म्हणते आणि पाणी पिते.

आमचं घर गावाच्या टोकाला, गोठा घराला चिकटून. सकाळ व्हायची ती चरवीच्या आवाजानं. रिकाम्या चरवीत दुधाची पहिली धार टणटण वाजते, मग जसजसं दूध चढतं तसा आवाज जाड होत जातो. पांघरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की आता आईचं अर्धं दूध काढून झालं, आता उठवायला येईल. बाबांचा रेडिओ खुंटीवर, त्यावर शेतीची माहिती सांगणारा माणूस, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाबांचं उत्तर: "तू ये बाप्पा इकडं, अन् करून दाखव." आई गावात नऊ घरी दूध घालायची. चुलीवर ज्वारीची भाकर, पाट्यावरचा मिरचीचा ठेचा, आंबाडीची भाजी, आणि थंडी लागली की वांग्याचं भरीत. ती वांगी शेवंताकाकूच्या वावरातली. दुसरीकडची वांगी आणली तर बाबा पहिल्या घासाला ओळखायचे.

शेवंताकाकूचं वावर आमच्या वावराला लागून, मध्ये एक धुऱ्याचा बांध. आमच्याकडं कपाशी, तूर, पाऊस उतरल्यावर हरभरा. तिच्याकडं भाजी, आणि कडेला ज्वारीचा पट्टा. नवरा पुण्याकडं बांधकामावर, तो येई होळीला. बाकी सगळं ती एकटी करायची. ज्वारीच्या पट्ट्यातलं धुऱ्यालगतचं शेवटचं तास, म्हणजे पेरलेली शेवटची ओळ, ती कापत नसे. पेरतानाच सरत्याच्या नळीतून शेवटची मूठ सोडताना म्हणायची, "हे पाखराईचं." तिच्या सासूनं तसं केलं होतं म्हणून ती करायची, त्यात तिला काही थोर वाटत नव्हतं. त्या तासाच्या टोकाला फुटक्या माठाचं बूड पुरून ठेवलेलं, त्यात रोज पाणी. होले, साळुंक्या, चिमण्या, कधी लावे. सकाळी त्या ओळीत एवढा कालवा असायचा की आमच्या धुऱ्यावर उभं राहून बोललेलं ऐकू येत नसे.

आणि मला ती बाई आवडत नव्हती. खरं कारण क्षुल्लक होतं. तिनं एकदा मला तिच्या गाजरांच्या वाफ्यात पकडलं आणि माझ्या मैत्रिणींसमोर म्हणाली, "मांगून घेतलं असतं तर धुवून देल्लं असतं. आता माती खा." मैत्रिणी महिनाभर मला "माती" म्हणत होत्या. पण असं कारण कुणी मनात कारण म्हणून ठेवत नाही. मी संशय ठेवला. त्या वर्षी शाळेत निसर्गमंडळ निघालं होतं, मी त्याची प्रमुख होते, आणि गुरुजींनी सांगितलं होतं की डोळे उघडे ठेवा, निरीक्षणं वहीत लिहा. मी आमच्या वावरातल्या राखणीच्या माळ्यावर बसून शेवंताकाकूची निरीक्षणं लिहायला लागले. ती वही अजून माझ्याकडं आहे. त्यातलं अक्षर फार सुंदर आहे, याचा मला राग येतो.

वहीत असं आहे. भाजीवर मेलेला कावळा टांगलेला असतो. म्हणजे एकीकडं पाखरांना दाणे, दुसरीकडं कावळ्याला फाशी. ही बाई दोन तोंडांची आहे. (कावळा तिला रस्त्यावर गाडीखाली मेलेला सापडला होता. टांगला की बाकीचे कावळे टमाट्याला चोच लावत नाहीत. आमच्या बाबांनीही टांगला असता, पण त्यांना किळस यायची.) तिच्या झोपडीत फवारणीचा पंप आहे, आणि ती म्हणते मी औषध मारत नाही. (पंपात कडुलिंबाचा पाला कुजवलेलं पाणी असायचं. वास आमच्या ओसरीपर्यंत यायचा. मी तो वास वहीत "उग्र विषारी वास" असा लिहिला आहे.) मी येताना पाहिलं की ती बोलायची थांबते. (ती एकटी होती. कुणाशी बोलणार होती?) प्रत्येक ओळ खरी आणि अख्खं पान खोटं. त्यानंतर मी असे पुष्कळ कागद वाचले, काही सरकारी, काही कंपन्यांचे, आणि लाज सोडून सांगायचं तर दोन-तीन माझेच.

त्या वर्षी हरभऱ्याची पेरणी दिवाळीच्या तोंडावर आली. आदल्या दिवशी अंगणात ताडपत्री पसरून आईनं बियाण्याला औषध चोळलं. गुलाबी, जवळजवळ देवीच्या कुंकवासारखं. पाकिटात हातमोजे होते, ते बाबांनी "नंतर कामी येतीन" म्हणून गोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेवले होते. आईचे हात मनगटापर्यंत गुलाबी झाले. दोनदा साबण लावला तरी रंग नखांत राहिला. जेवायला बसलो तेव्हा ती हात मांडीवर उलटे ठेवून म्हणाली, "वैशू, मले भरव वं. या हातानं नाई खायची." मी तिला भाकर मोडून, ठेच्याला लावून एकेक घास भरवला. आम्ही दोघी हसत होतो. ती म्हणाली, "म्हातारपणी असंच भरवजो." मी म्हणाले, "म्हातारपणी ठेचा नाई भेटणार, कण्या भेटतीन." म्हणजे त्या रंगात काय आहे ते आम्हाला माहीत होतं. हाताला लागलेलं तोंडात जाऊ नये एवढं नक्की माहीत होतं.

पेरणी झाली. बाबा तिफन हाकत होते, आई मागून सरत्यात बी सोडत होती. खालच्या अंगाला ओल जास्त निघाली, तिफनीला चिखल चढायला लागला, म्हणून तेवढा तुकडा सोडला आणि बी उरलं. पाटीभर. शुक्रवार-शनिवारची गोष्ट. मी पुढं काय झालं ते पाहिलं नाही, कारण मी माळ्यावर बसून दुसऱ्याच वावराकडं पाहत होते.

रविवारी दुपारी शेवंताकाकूच्या त्या तासात होले मरून पडले. नऊ. तीन साळुंक्या. माठाच्या बुडाजवळ काही, ज्वारीच्या बुंध्याशी काही. एक होला अजून जिवंत होता, मान मागं टाकून गोल गोल फिरत होता, जसं कुणी दोरीला बांधून फिरवत असावं. मी माळ्यावरून उतरून धुऱ्यापर्यंत गेले. शेवंताकाकू उकिडवी बसली होती. तिनं एक मेलेला होला हातात घेतला आणि विळ्याच्या टोकानं त्याचा गळा उघडला. आत बोट घातलं. काहीतरी काढलं, पदराच्या टोकाला बांधलं. मग बाकीची पाखरं टोपल्यात भरून वावरातल्या कडुलिंबाखाली पुरली आणि माठाचं बूड पालथं घातलं.

वहीत त्या दिवशीचं वाक्य एकच आहे: पुरावा पुरला.

सोमवारी मी बारा कागद लिहिले. लाल स्केचपेननं मथळा. मजकूर मला पाठ आहे, कारण माझ्या आयुष्यातला तो पहिला परिणामकारक मजकूर: "सावधान! शेवंताबाई आपल्या वावरात दाणे ठेवून पाखरांना बोलावते आणि विष घालते. तेच विष तिच्या भाजीवर. तिची भाजी घेऊ नका. एक निसर्गप्रेमी." मंगळवारी बाजार. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले, सोबत गव्हाच्या पिठाची खळ. थांब्यावर लावले, पिठाच्या गिरणीवर लावले, आणि एक लावला बाजारातल्या तिच्या जागेच्या कडुलिंबावर. ती नेहमी त्या लिंबाला पाठ टेकून बसायची. कागद बरोबर तिच्या डोक्यावर येईल एवढ्या उंचीवर लावला.

मी जिलबीच्या गाड्यामागं उभी राहून पाहत होते. शेवंताकाकूची जागा म्हणजे बाजारातली पहिली बोहणीची जागा. तिच्याकडून घेतलं की ती वरून मूठभर कोथिंबीर टाकायची, न मागता. त्या दिवशी कन्याशाळेच्या मोठ्या बाई आल्या, वांगी हातात घेतली, दाबून पाहिली, मग त्यांची नजर वर गेली. ओठ हलत होते. वांगी परत टोपल्यात ठेवली, हात रुमालाला पुसले.

"काऊन ठेवले बाई? सकायचेच तोडेल हायेत. देठ पाहा न."

"नको आज."

दुसरी आली, तिनंही वर पाहिलं. तिसरीनं तर पोराचा हात धरून त्याला पलीकडं ओढलं. शेवंताकाकू आधी गिऱ्हाइकांकडं पाहत होती, मग गिऱ्हाईक कुठं पाहतं तिकडं पाहायला लागली. वळली. कागद दिसला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि तिला मी दिसले. आणि तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला आजही सोडत नाही.

"वैशू! अवं वैशू, ये बरं इकडं. देवासारखी आली. तू शिकेल पोरगी, वाच हे. काय लिवलं हाय माह्या डोक्यावर?"

मी गेले. आजूबाजूच्या बायका आपापल्या टोपल्या आवरायला लागल्या. मी माझंच अक्षर वाचायला उभी राहिले.

"पाखरं वाचवा, असं लिहिलंय काकू," मी म्हणाले. "निसर्गमंडळाचा कागद आहे. पाखरांना दाणापाणी ठेवा, म्हणे."

ती कागदाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "चांगलंच लिवलं की. मंग लोकं असे पाऊन काहून पळते?"

मी शाळेला उशीर होतो म्हणाले. सुट्टी लागलेली होती. तिला तेही माहीत होतं.

दुपारी कांदेवाल्या म्हाताऱ्यानं तिला खरं काय ते वाचून दाखवलं. हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी आमच्या अंगणात वसुबारस. आईनं गायीचे पाय धुतले, कुंकू लावलं, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, वासरू ती माळच खायला बघत होतं आणि बाबा त्याच्यावर ओरडत होते. मी ताट धरून उभी. तेवढ्यात शेवंताकाकू फाटकातून आत आली. डोक्यावरचं टोपलं सकाळी नेलं तेवढंच भरलेलं. कुणाला काही न विचारता तिनं ते गायीपुढं उपडं केलं. मेथी, गवार, वांगी.

"माणसाईनं नाई खाल्लं," ती म्हणाली. "पाहू तुमची गाय तरी खाते का."

आणि गाय खायला लागली. मी ओरडले, "आई, थांबव तिला, विष आहे त्यात!" मी खरंच ओरडले. मला तोवर खरंच तसं वाटत होतं.

आई जागची हलली नाही. ती गायीकडं पाहतच नव्हती. ती शेवंताकाकूच्या पदराकडं पाहत होती, कारण काकू पदराची गाठ सोडत होती. गाठीतून तिनं चार दाणे काढले आणि माझ्या हातातल्या पूजेच्या ताटात ठेवले. फुगलेले हरभरे. सालीवर अजून पुसट गुलाबी.

"होल्याच्या गळ्यातले हायेत, वैशूची माय," ती म्हणाली. "माह्या वावरात ज्वारी. हरभरा कोनाचा, ते मी नाई इचारत."

आई खाली बसली. हात लपवले. नखांत अजून रंग होता. आणि मग ती जे बोलली ते कुणालाच उद्देशून नव्हतं. पाटीभर बी उरलं, फेकायला जीव झाला नाही. तीन पाण्यानं धुतलं. चौथं पाणी पांढरं निघालं, मग वाटलं की गेलं सारं. आमच्या वावराच्या पलीकडच्या धुऱ्यावर जुन्या लुगड्यावर वाळत घातलं. वाळलं की डाळ भरडायची होती, दिवाळीला पुरण करायचं होतं. दुपारी भाकर खायला बसली, उठून पाहते तर होले लुगड्यावर. हाकलले तर उडून पाणी प्यायला काकूच्या माठावर गेले. आणि मग पडायला लागले. तिनं ते सगळं बी गोळा करून खड्ड्यात पुरलं आणि लुगडं जाळलं.

"चौथं पाणी पांढरं निघालं होतं," आई पुन्हा म्हणाली. "मी पाह्यलं होतं."

म्हणजे दिवाळीचं पुरण त्या बियाण्याचं होणार होतं. पाटावर आम्ही तिघं बसलो असतो. आमच्या आधी पाखरं जेवली म्हणून मी आज हे लिहिते आहे. औषधाच्या पाकिटावर धोक्याची सूचना होती, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि आईनं दुकानदाराला विचारलं होतं, "धुतल्यावर जाते न?" तो म्हणाला होता, "सगळंच जाते वहिनी पाण्यानं." त्या माणसावर मी अजून खवळलेली आहे. पण बारा कागद मी त्याच्याविरुद्ध लिहिले नव्हते.

"तुम्ही बाजारात काहून नाई सांगतलं?" मी शेवंताकाकूला विचारलं.

"सांगतलं असतं तर तुया मायचं दूध कोनी घेतलं असतं?" ती म्हणाली. मग माझ्याकडं पूर्ण वळली. "अन् तू. कागद तूच लिवला, हे मले कांदेवाल्यानं नाई सांगतलं. तू बदलून वाचला, त्याच्यावरून समजलं. दुसऱ्याचा कागद असता तर कायले बदलला असता?" तिनं रिकामं टोपलं उचललं. "आता दुसरा लिव. याच्यापेक्षा मोठ्या अक्षरात. अन् त्याच लिंबावर लाव."

"लिहिते काकू. उद्याच."

"अन् मले वाचून दाखवू नको. तुया तोंडचं वाचेल मी आता कधी आयकनार नाई."

ती गेल्यावर बाबांनी फाटक लावलं. "घरातलं घरात राहू दे," ते म्हणाले. "दोन बाजार गेले की लोकं इसरते." मी रात्रभर वाट पाहिली की कुणीतरी मला जबरदस्तीनं लिहायला बसवेल. कुणी बसवलं नाही. दोन बाजार गेले, चार गेले. लोक विसरले ते कागद, पण वळण विसरले नाहीत. शेवंताबाईकडून घ्यायचं नसतं, एवढं हातांना लक्षात राहिलं, का ते कुणालाच आठवेना. लिंबाखाली दुसरी कुणी बसायला लागली. पुढच्या जूनमध्ये मी अकरावीला अमरावतीला आले, वसतिगृहात. निघायच्या दिवशी पाहिलं, तिनं धुऱ्यापर्यंत वखर फिरवला होता. पाखरांचं तास ठेवलं नव्हतं, माठाचं बूडही उचललेलं. मला पाहून तिनं काम थांबवलं नाही, फक्त एवढं म्हणाली, "आता होल्याईले तुये कागदच खाऊ घाल."

गेल्या महिन्यात मी बाजारात गेले. आता ती अगदी शेवटी बसते, मटणाच्या दुकानांच्या मागं, जिथं दुपारी ऊन येतं आणि बायका नाकाला पदर लावून भरभर चालतात. केस पांढरे झालेत, वांगी तशीच. मी अर्धा किलो घेतली. तिनं काटा बरोबर मधोमध येईपर्यंत एक वांगं काढलं, एक घातलं. पिशवी दिली. वरून कोथिंबीर टाकली नाही. मी उभी राहिले, तर म्हणाली, "झालं न? सर बाजूला, मागं गिऱ्हाईक हाय." मागं कुणी नव्हतं.

आई अजून दूध घालते. हे छापायचं म्हणाल्यावर बाबा उठून गोठ्यात गेले. आई म्हणाली, "छाप. माह्या नावानं छाप." मी तिचं नाव घातलं नाही, पण घर सगळ्यांना माहीत आहे. तर हा तो दुसरा कागद, बऱ्याच वर्षांनी, आणि अक्षर मोठं नाही.

आता तुम्ही. माझ्या नावाचं पत्रक हातात पडलं की तुम्ही ते खरं मानता, मला माहीत आहे, मी त्यावरच जगते. या वेळी मानू नका. मंगळवारी बार्शीटाकळीला जा. मटणाच्या दुकानांच्या मागं शेवंताबाई विचारा. पाव किलो वांगी घ्या, लोकांसमोर घ्या, हात रुमालाला पुसू नका. मग तिच्यासमोर बसा आणि हे तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा. मला ते करता येणार नाही, माझं वाचलेलं ती ऐकत नाही आणि तिचं बरोबर आहे. तुम्ही वाचा. मोठ्यानं वाचा, बाजूच्या चार बायकांना ऐकू जाईल असं. एकही शब्द बदलू नका.